जवानाच्या पाठीशी कोण असतं? लष्करी छावणीतल्या आधाराच्या व्यवस्थेबद्दल, सोप्या भाषेत

मी सात वर्षांची होते तेव्हा खडकीत आम्हाला फॅमिली क्वार्टर मिळालं. थ्री-टन गाडीतून बाबांच्या काळ्या ट्रंका उतरल्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि हुद्दा. आई कुलूप काढून आत पाऊल टाकणार तोच बाबा म्हणाले, "थांब जरा, मार्च-इन होऊ दे." एमईएसचा, म्हणजे लष्कराच्या बांधकाम-देखभाल खात्याचा माणूस यादी घेऊन आला. पंखे दोन, ट्यूब तीन, नळ चार, न्हाणीघराच्या खिडकीला काचा सहा. आईने त्यातली तडकलेली काच बोटाने दाखवली आणि म्हणाली, "हे लिहा." त्याने लिहिलं. पावणेतीन वर्षांनी आम्ही ते घर सोडलं, मार्च-आउट झालं, तेव्हा त्या काचेचे पैसे बाबांना भरावे लागले नाहीत. ती आधीपासून तडकलेली होती हे कागदावर होतं.

फौजेतला आधार बराचसा असाच असतो. वेळेवर केलेली नोंद आणि ती नोंद पुढे नेणारी माणसं, यांवर तो उभा असतो. बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता धाकटा भाऊ मराठा पलटणीत आहे, आणि वहिनी आई-बाबांसोबत साताऱ्याकडे गावी राहते. गावात, नात्यात, मैत्रिणींमध्ये मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. छावणीत जवानाला नेमकं मिळतं काय? आणि एवढं सगळं असतं, तर मग जवान खचतात का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सगळं एकत्रच सांगते.

आधी छावणी म्हणजे काय ते

आपण सरसकट 'कॅन्टोन्मेंट' म्हणतो, पण त्यात दोन प्रकार आहेत. कॅन्टोन्मेंटमध्ये लष्कराबरोबर सामान्य नागरिकही राहतात आणि तिथला कारभार २००६ च्या कायद्याखाली कॅन्टोन्मेंट बोर्ड बघतं. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी अशी सात कॅन्टोन्मेंट आहेत. मिलिटरी स्टेशन म्हणजे निव्वळ लष्करी वस्ती, तिथे बाजारपेठ नाही की नागरी वॉर्ड नाहीत. दोन्हीकडे आतला संसार सारखाच. बराकी, क्वार्टर्स, एमआय रूम म्हणजे दवाखाना, कॅन्टीन म्हणजे सवलतीच्या दरातलं दुकान, शाळा, मैदान, आणि मंदिर-मशीद-गुरुद्वारा एकाच आवारात असलेलं सर्व धर्म स्थळ.

पण पलटण कायम तिथे नसते. साधारण दोन-तीन वर्षांनी ती हलते, कधी 'पीस'ला, कधी 'फील्ड'ला. पीस म्हणजे पुणे, बेळगाव, झाशी अशी ठिकाणं, जिथे कुटुंब सोबत नेता येतं. फील्ड म्हणजे सीमा, बर्फ, दहशतवादविरोधी मोहिमा. तिथे कुटुंब नेता येत नाही. शिवाय पीसलासुद्धा क्वार्टर सगळ्यांच्या वाट्याला लगेच येत नाही, नंबर लागावा लागतो. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीत शिपायाचा संसार प्रत्यक्ष एका छपराखाली किती वर्षं होतो, हे मोजायला बसलं तर बोटं पुरतात. आमच्या आईच्या वाट्याला सलग अशी सहा वर्षं आली.

उरलेली वर्षं पत्रांवर गेली. फील्डमधल्या जवानाच्या पत्त्यावर गावाचं नाव नसायचं, फक्त पलटण आणि 'मार्फत ५६ एपीओ', म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. आई आंतरदेशीय पत्रात सगळं लिहायची. विहिरीचं पाणी आटलं, म्हैस व्याली, चुलत्यांनी बांध कोरला. ते पत्र पोहोचायला आठ-दहा दिवस जायचे, उत्तर यायला तेवढेच. तोवर निम्म्या भांडणांची धग गेलेली असायची. आता भाऊ रात्री पहाऱ्यावरून येतो, फोन सुरू करतो आणि घरातला वाद जसाच्या तसा, रडण्यासकट, त्याच्या हातात येतो. त्याला तिथून काहीच करता येत नाही. फोनने जवानाचा एकटेपणा कमी झाला, हे खरं आहे. त्याच फोनने घरची काळजी थेट बंकरमध्ये नेऊन ठेवली, हेही मी रोज बघते. संरक्षण खात्याने संसदेत वेळोवेळी दिलेल्या उत्तरांमध्ये जवानांच्या आत्महत्यांमागची कारणं सांगताना कौटुंबिक प्रश्न, नवरा-बायकोतले वाद, पैशांच्या अडचणी आणि ताण यांचीच नावं येतात. म्हणून छावणीतली आधाराची व्यवस्था समजून घ्यायची तर डॉक्टरच्या खोलीपेक्षा आधी पलटणीच्या रोजच्या दिनक्रमाकडे बघावं लागतं.

पलटणीतली शिडी

नव्या जवानाला पहिल्यांदा मिळतो तो 'बडी'. दोघांची जोडी लावून दिलेली असते. सोबत खाणं, सोबत पहारा, शेजारी पलंग. माणूस जेवत नाही, रात्री कूस बदलत राहतो, फोन आला की बाहेर जाऊन बोलतो आणि परत येऊन गप्प बसतो, हे सगळ्यात आधी बडीच्या लक्षात येतं. त्याच्यावर सेक्शन कमांडर, मग प्लाटूनचा जेसीओ साहेब, म्हणजे सुभेदार-नायब सुभेदार दर्जाचा अधिकारी, कंपनी हवालदार मेजर, कंपनी कमांडर. सगळ्यांत अनुभवी म्हणून सुभेदार मेजर साहेब आणि वर सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख. हुकूम वरून खाली येतो हे सगळ्यांना माहीत असतं. काळजी मात्र याच शिडीने खालून वर जायची असते, आणि चांगल्या पलटणीत ती जाते.

त्यासाठी ठरलेल्या जागा आहेत. रोज संध्याकाळी रोल कॉल होतो, तिथे हजेरीबरोबर 'कुणाला काही सांगायचंय का' हे विचारलं जातं. ठरावीक काळाने सैनिक संमेलन भरतं. त्यात सीओ साहेबांसमोर साधा शिपाईसुद्धा उभा राहून अडचण मांडू शकतो आणि त्या अडचणीची नोंद होते, पुढच्या संमेलनात तिचं काय झालं हे सांगावं लागतं. मंदिर परेडला धर्मगुरू असतात, तेही फौजेचेच जेसीओ. बाबा सांगतात की जे साहेबांना सांगता येत नाही ते कित्येक जण पंडितजींना सांगून मोकळे व्हायचे. बडाखान्याला अधिकारी आणि जवान एकाच रांगेत बसून जेवतात. संध्याकाळचे खेळही याच हिशेबात धरायचे. कोण खेळायला यायचं टाळतोय, हे चांगला हवालदार टिपून ठेवतो.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट बाहेरच्यांना माहीतच नसते. सुट्टीवर जाण्याआधी आणि सुट्टीवरून आल्यावर जवानाचा इंटरव्ह्यू होतो. नाव भारदस्त आहे, पण असतात दहा मिनिटांच्या गप्पा. घरी कोण कोण आहे, कशासाठी चाललास, कर्ज आहे का, जमिनीचा काही दावा आहे का. परतल्यावर पुन्हा विचारणा. काम झालं का, घरचे कसे आहेत, वडिलांचं ऑपरेशन कसं झालं. भावाच्या कंपनी कमांडरने एकदा त्याला विचारलं, "पिछली बार बोला था बहन की शादी का, हो गयी?" ती बहीण मी. त्या साहेबांना मी कधी पाहिलेलं नाही. पण आपल्या घरातली गोष्ट त्यांच्या लक्षात आहे, एवढ्यावर भाऊ कितीतरी दिवस खूश होता.

सुट्टीचं गणितही सांगते. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. ऐकायला भरपूर वाटते. पण ती मिळते पलटणीच्या गरजेप्रमाणे, सगळ्यांना एकाच वेळी सोडता येत नाही, आणि सीमेवरून घरी पोहोचण्याचा प्रवासच मोठा असतो. वर्षातला उरलेला काळ माणूस चोवीस तास ड्युटीवर असतो. बरं, घरी आल्यावर त्या दिवसांचं होतं काय? मागच्या खेपेला भाऊ वीस दिवसांसाठी आला होता. त्यातले अकरा दिवस एका सरकारी कार्यालयाच्या बाकावर गेले, जमिनीच्या मोजणीसाठी. एकदा अधिकारी नाहीत, एकदा नकाशा सापडत नाही, एकदा सर्व्हर बंद. लेक त्याला आत्ता कुठे ओळखून चिकटायला लागली होती, तोवर बॅग भरायची वेळ आली.

सीओ साहेबांचं पत्र आणि शंभर वर्षं जुना कायदा

इथेच छावणीच्या व्यवस्थेतला एक फार उपयोगी भाग येतो, आणि गावाकडच्या कुटुंबांना तो क्वचितच ठाऊक असतो. जवान घरच्या जमिनीचा, भांडणाचा, फसवणुकीचा प्रश्न आपल्या कंपनीत मांडू शकतो. मग पलटणीकडून त्याच्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस अधीक्षकांना सीओ साहेबांच्या सहीचं पत्र जातं. आमच्या बांधाच्या वादात असं पत्र आलं आणि महिन्याभरात मोजणीची तारीख लागली. प्रत्येक पत्राला इतकं यश येतं असं मी म्हणणार नाही. पण पत्र गेलंय हे कळल्या दिवसापासून भाऊ नीट झोपू लागला, हे त्याच्याच तोंडून ऐकलंय.

कोर्टात खटला असेल तर त्याहून मोठं संरक्षण आहे. भारतीय सैनिक (खटले) कायदा, १९२५ सालचा. युद्धात किंवा कायद्यात सांगितलेल्या विशेष परिस्थितीत नोकरी बजावणारा सैनिक तारखेला हजर राहू शकत नसेल, तर त्याच्या गैरहजेरीत त्याचं नुकसान होऊ नये म्हणून कोर्टाला कामकाज पुढे ढकलता येतं. तो काळ मुदतीच्या हिशेबातून वगळण्याची तरतूदही यात आहे. आणखी एक बाब अशी की, आपल्या जिल्ह्यातला सैनिक दाव्यात पक्षकार आहे आणि येऊ शकत नाही असं जिल्हाधिकाऱ्यांना दिसलं, तर ते स्वतः कोर्टाला तसं प्रमाणित करून कळवू शकतात. गावातल्या वकिलांनासुद्धा हा कायदा आठवून द्यावा लागतो, म्हणून त्याचं नाव आणि साल लिहूनच ठेवा.

शिवाय जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे 'नाल्सा'ने, 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांना सैनिक बोर्डांच्या माध्यमातून मोफत कायदेशीर मदत मिळावी, अशी तिची आखणी आहे. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिची चौकशी करायची.

एमआय रूम, 'शेप' आणि मनाची भीती

आता डॉक्टरकडे येऊ. प्रत्येक पलटणीत एमआय रूम असते आणि आरएमओ, म्हणजे पलटणीचे स्वतःचे डॉक्टर असतात. त्यांना मोठा आजार वाटला तर मिलिटरी हॉस्पिटल, तिथून कमांड हॉस्पिटल. पुण्याचं कमांड हॉस्पिटल आणि नौदलाचं मुंबईतलं आयएनएचएस अश्विनी ही आपल्याकडची मोठी नावं. गोव्यात वास्कोला नौदलाचं आयएनएचएस जीवंती आहे.

जवानाची प्रकृती एका शब्दात मोजली जाते, 'शेप'. इंग्रजीतली पाच अक्षरं आणि प्रत्येकाला एक अर्थ. एस म्हणजे मनाची अवस्था, एच म्हणजे ऐकणं, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकूण शारीरिक क्षमता, ई म्हणजे नजर. सगळीकडे एकचा आकडा असला की माणूस 'शेप वन'. एखाद्या ठिकाणी आकडा वाढला की पलटणीत म्हणतात, "त्याला कॅटेगरी लागली." मग काही ठिकाणच्या पोस्टिंग बंद होतात, काही कोर्स हुकतात, बढतीवर परिणाम होऊ शकतो.

मला या यादीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पाचांत पहिलं अक्षर मनाचं आहे. म्हणजे मन हा तब्येतीचाच भाग आहे, हे फौजेने कागदावर केव्हाच मान्य केलेलं आहे. आणि तरीही सगळी अडचण याच अक्षरापाशी येऊन थांबते. गुडघा दुखला तर जवान एमआय रूममध्ये जाऊन सांगतो. झोप येत नाही, छाती धडधडते, जगण्यात राम वाटत नाही हे सांगायला तो जात नाही. कारण मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं की पलटणीकडून त्याच्याबद्दल अहवाल मागवला जातो, म्हणजे साहेबांना कळणार. हत्यार हाताळण्यावर बंधनं येऊ शकतात, म्हणजे बराकीत सगळ्यांना कळणार. 'कॅटेगरी' लागली की हवालदारीचं काय? या विचारात माणूस सहा-सहा महिने गप्प राहतो.

हत्यार काही काळ दूर ठेवणं हा उपचाराचा भाग आहे आणि तो बरोबरच आहे. माझं म्हणणं एवढंच, की बरा झालेला माणूस पुन्हा 'शेप वन' होऊ शकतो, कॅटेगरी वाढते तशी उतरतेही, हे त्याला भरतीच्या दिवसापासून सांगितलं गेलं पाहिजे. बाबांच्या एका सोबत्याची कॅटेगरी वर्षभरात उतरली आणि पुढे तो नायब सुभेदार झाला. बाबा ही गोष्ट गावातल्या प्रत्येक नव्या रिक्रूटला आवर्जून सांगतात.

हळूहळू वाटा रुंद होताहेत. सैन्यातले मनोविकारतज्ज्ञ पलटणींत जाऊन सत्रं घेतात, समुपदेशक नेमलेले आहेत, उत्तर आणि पूर्व कमांडमध्ये 'मिलाप' आणि 'सहयोग' नावाचे उपक्रम ताण कमी करण्यासाठीच सुरू झाले. आणि आपल्या पुण्यात, १ डिसेंबर २०२३ रोजी सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीमध्ये, खास सैन्यदलांसाठी 'टेली मानस'चा कक्ष सुरू झाला. टेली मानस ही केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सैनिकांचा कक्ष वेगळा असण्याचं कारण सोपं आहे. फील्ड, कॅटेगरी, सीओ, मार्च-आउट हे शब्द ज्याला समजावून सांगावे लागत नाहीत, अशा माणसाशी बोलणं जड जात नाही. हा नंबर जवानाच्या बायकोने, आईने फिरवला तरी चालतो. वहिनीच्या फोनमध्ये तो मी स्वतः सेव्ह करून दिला आहे.

बायका, मुलं आणि बुधवारची मीटिंग

फॅमिली क्वार्टर्समधलं जग आमच्या आयांनी उभं केलेलं होतं. आमच्या जिन्यात एक तमिळ काकू, एक डोग्रा मावशी आणि आम्ही. धाकटा भाऊ झाला त्या रात्री बाबा राजस्थानात युद्धसरावाला होते. हॉस्पिटलची गाडी डोग्रा मावशीने बोलावली आणि मला तमिळ काकूने आपल्या मुलांत झोपवलं. सकाळी तिने मला इडली भरवली आणि माझ्या दोन वेण्या घातल्या, इतक्या घट्ट की दिवसभर सुटल्या नाहीत. कुठल्याही योजनेत हे लिहिलेलं नसतं. पण माणसं अशी जवळ यावीत याची सोय मात्र योजनेने केलेली असते.

ती सोय म्हणजे फॅमिली वेल्फेअर. पलटणीच्या बायकांची नियमित मीटिंग भरते, आमच्याकडे ती बुधवारी असायची. सीओ साहेबांच्या पत्नी तिच्या प्रमुख. सबंध सेनेत या कामाची संस्था म्हणजे १९६६ साली सुरू झालेली 'आवा', आणि सेनाप्रमुखांच्या पत्नी तिच्या अध्यक्ष असतात. शिवण, संगणक, आरोग्य तपासण्या, बँकेचे व्यवहार, वीर नारींची, म्हणजे शहीद जवानांच्या पत्नींची विचारपूस, असं तिचं काम. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी 'आवा'च्या आशा शाळा आहेत. अशा मुलाच्या वडिलांना जिथे शाळा आणि उपचार आहेत तिथे बदली मागता येते, आणि हे फारच थोड्या जवानांना माहीत असतं. नौदलाच्या संस्थेने आपल्या नावातला 'वाइव्ह्ज' शब्द काढून 'वेलफेअर अँड वेलनेस' केलं, हवाई दलानेही 'फॅमिली' हा शब्द घेतला. आता अधिकारीबाई ड्युटीवर आणि नवरा क्वार्टरमध्ये असंही असतं, त्यामुळे हा बदल योग्यच झाला.

एक तक्रारही मनापासून मांडते. एका छावणीत आम्ही होतो तेव्हा मीटिंगचा सगळा वेळ पाहुण्यांसमोर करायच्या नाचाच्या तालमीत जायचा. तान्हं मूल कडेवर घेऊन बायका उन्हात उभ्या राहायच्या. तिथे कुणी आपलं दुखणं सांगणार कसं? त्यानंतरच्या स्टेशनला वेगळ्या मॅडम होत्या. त्या आल्या की खुर्ची गोलात ओढून बसायच्या आणि पहिला प्रश्न असायचा, "कुणाचा फोन आठवडाभर आला नाही?" त्याच खुर्च्या, तीच खोली. व्यवस्था माणसागणिक बदलते, हा तिचा मोठा कमकुवतपणा आहे.

मुलांसाठी आर्मी पब्लिक स्कूल असतात. १९८३ साली स्थापन झालेली सेनेची शिक्षण संस्था देशभरात त्या चालवते. मी पाच शाळा बदलल्या. प्रत्येक ठिकाणी वर्गात निम्मी मुलं नवीनच असायची, त्यामुळे 'नवी मुलगी' म्हणून कोपऱ्यात बसावं लागलं नाही. नंतर गावच्या शाळेत आल्यावर मात्र बसावं लागलं.

खडकीतली आणखी एक ओळख

खडकीचं नाव निघालं की लोकांना दारूगोळा कारखाना आठवतो. मला आठवतात चाकांच्या खुर्च्या. १९७४ पासून खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर लुळं पडलेले सैनिक तिथे राहतात, शिकतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. त्याच खडकीत १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हातात कला देण्यासाठी ती निघाली. पुण्यातच १९४४ पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र आहे.

या सगळ्यामागचा विचार कळायला मुरलीकांत पेटकर यांचं आयुष्य बघावं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे, ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्र-दुरुस्ती शाखेत जवान, मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि अपंगत्व आलं. उपचारांत व्यायाम म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले, भारताचं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. उपचार म्हणजे जखम भरणं, आणि त्यानंतर माणसाला पुन्हा काहीतरी करायला मिळणं, हे दोन्ही हातात हात घालून चालावं लागतं.

गणवेश उतरल्यावर

निवृत्तीनंतरचं थोडक्यात सांगते. १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. पॉलिक्लिनिकमध्ये दाखवायचं, तिथून गरजेप्रमाणे नोंदणीकृत खासगी रुग्णालयात पाठवतात. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यातच झालं. पण बिलं थकली म्हणून एका रुग्णालयाने आम्हाला दारातून परत पाठवलं, असंही झालंय, आणि ऐंशीच्या घरातल्या सैनिकाला असं परत पाठवताना कुणाला काहीच वाटू नये याचा त्रास मला अजून होतो. पेन्शन आता 'स्पर्श' प्रणालीतून येते, तिथे दरवर्षी हयातीची नोंद करायची. कॅन्टीन कार्ड असतंच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मुलांची वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, आर्थिक मदत बघतं, आणि त्यांचे कल्याण संघटक तालुक्यांत फिरतात. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला शाळेत आपण जे छोटे झेंडे घेतो, त्याचा पैसा याच कामांसाठी जातो.

अग्निवीरांसाठी ही साखळी फार लवकर तुटते. २०२२ पासून चार वर्षांसाठी भरती होते आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम केलं जातं. नोकरीत असताना ४८ लाखांचा विमा, लष्करी रुग्णालय, कॅन्टीन सगळं असतं. वर्षाला रजा ३० दिवस. सेवेत अपंगत्व आलं तर टक्केवारीप्रमाणे एकरकमी रक्कम मिळते. पण चार वर्षांनी जो बाहेर पडतो त्याला पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. आमच्या गावातली तीन मुलं अग्निवीर आहेत. बर्फात काढलेल्या रात्रींचा मनावरचा परिणाम चार वर्षं संपल्यावर वर येऊ शकतो. त्या वेळी ही मुलं कुठल्या एमआय रूमच्या दारात जातील? त्यांना निदान वैद्यकीय आधार तरी मिळत राहायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

पार्ट टू ऑर्डर

शेवटी पुन्हा कागदावर येते, कारण सगळं तिथेच अडतं. जवानाच्या आयुष्यात काही बदल झाला की पलटणीतून 'पार्ट टू ऑर्डर' निघते आणि ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. लग्न झालं, मूल झालं, वारस बदलला, आई-वडील अवलंबून आहेत, सगळ्याची ऑर्डर निघावी लागते. ती नसेल तर फौजेच्या दृष्टीने ती बायको नाही आणि ते मूल नाही. हॉस्पिटलचं कार्ड होत नाही, शाळेत सवलत मिळत नाही, आणि वाईट प्रसंग आलाच तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी बाईला वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात. मी अशा दोन वहिनी ओळखते. एकीच्या लग्नाची नोंद तिच्या आणि नवऱ्याच्या आधारवरच्या आडनावातल्या एका अक्षरामुळे अडली होती. नवरा 'पुढच्या सुट्टीत करू' म्हणत राहिला. ती सुट्टी आलीच नाही.

म्हणून गेल्या वर्षी वहिनी बाळंत झाली तेव्हा बाबा पेढे आणायच्या आधी ग्रामपंचायतीत गेले. दाखल्यावर भावाचं नाव सेवा पुस्तकाप्रमाणे आहे का, हे त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मधल्या नावात काना राहिला होता. त्यांनी दाखला परत केला, दुरुस्त करून घेतला, मी फोटो काढून भावाला पाठवला. तो तेव्हा फील्डला होता, मुलीला त्याने अजून पाहिलेलंही नव्हतं. तेवीस दिवसांनी दुपारी त्याचा मेसेज आला. व्हिडिओ कॉल लागत नव्हता, म्हणून फक्त चार शब्द: "बाळाची पार्ट टू निघाली."

बाबांनी तो मेसेज वहिनीला मोठ्याने वाचून दाखवला, आणि मग पेढ्यांचा बॉक्स आणायला निघाले.